स्वच्छ दिसणारं सीरम

आमच्या लॅबमध्ये सकाळी सात ते दहा ही उपाशी माणसांची वेळ. ‘फास्टिंग’वाले. बारा तास पोटात काही नाही, त्यामुळे कुणी चिडलेलं, कुणी गप्प, कुणी सुई बघून उगाच हसणारं. हाताला कापूस दाबून धरत ते बाहेर पडतात आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर दाल पकवान मागवतात. उल्हासनगरात हे असंच आहे. कोलेस्टेरॉलसाठी रक्त द्यायचं आणि लगेच तळलेलं पकवान मोडून डाळीत बुडवायचं. मी कुणाला काही बोलत नाही. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार असतो, भूक आत्ता लागलेली असते.

मी राहते बदलापूरला. म्हणजे सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत चढायचं आणि मध्ये एकटं अंबरनाथ सोडून उल्हासनगरला उतरायचं. लेडीज डब्यातल्या बायका मला आतच येऊ देत नाहीत. ‘तुला दोन स्टेशनं तर जायचंय, दारातच थांब.’ बरोबर आहे त्यांचं. त्यांना दीड तास काढायचा असतो. मधलं अंबरनाथ आलं की मी दुसऱ्या बाजूला बघते. तिथे आमचं जुनं घर होतं, आणि तिथेच बाबा गेले.

रक्त घेतलं की ते पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये अर्धा तास ठेवतात. ते गोठतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं गरगर. ट्यूब बाहेर काढली की लाल भाग खाली आणि वर सीरम. सहा वर्षं हे काम करतेय, त्यामुळे सीरम बघूनच बरंच काही कळतं. काहींचं दुधासारखं पांढरट असतं. अशा वेळी ट्रायग्लिसराइड्स चढलेली असणार, किंवा रात्री लग्नात जेवून ‘उपाशी आहे’ म्हणून सांगितलेलं असणार. काहींचं हळदीसारखं पिवळं, म्हणजे कावीळ. आणि चांगलं सीरम फिकट पिवळं, गाळलेल्या लिंबू सरबतासारखं, आरपार दिसणारं.

माझं सीरम तसंच होतं. अगदी स्वच्छ.

२०२४च्या जूनमधली गोष्ट. लिपिड प्रोफाइलचं नवीन किट उघडलं होतं आणि ते नीट चालतंय का हे बघायला मी माझंच रक्त काढलं. लॅबमध्ये काम करणारे सगळे हे करतात. एकूण कोलेस्टेरॉल आलं ३३०. मी किटला शिव्या घातल्या. एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड्स १२०. आमच्यासारख्या लहान लॅबमध्ये एलडीएल बहुतेक वेळा मोजत नाहीत, गणित करून काढतात. १९७२मध्ये फ्रीडवाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलेलं सोपं सूत्र आहे: एकूणातून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा. (ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेली की हे सूत्र चालत नाही.) ३३० वजा ४६ वजा २४. एलडीएल २६०.

मी पंचवीस वर्षांची. वजन अठ्ठेचाळीस किलो. पुन्हा चालवलं. २५८.

आमचे पॅथॉलॉजिस्ट सर दुपारी रिपोर्टवर सह्या करायला येतात. त्यांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दोनच प्रश्न विचारले. थायरॉईड तपासलंय का? आणि, ‘घरात कुणी लवकर गेलंय का गं?’

*

बाबा २०११मध्ये गेले. बेचाळीस वर्षांचे होते. मी बारा वर्षांची, दादा सोळाचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते शिफ्टला होते. सेकंड शिफ्ट करून घरी आले, छातीत जळजळतंय म्हणाले, इनो घेतलं. तासाभराने आई शेजारच्यांना उठवायला गेली. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरात यावर एक वाक्य होतं, आणि ते सगळ्यांना पाठ होतं: ‘आपल्यात पुरुष टिकत नाहीत.’ आजोबा शेहेचाळिसाव्या वर्षी शेतात गेले, बसल्या जागी. त्यांचा भाऊ त्याच्याही आधी. गावाकडच्यांचं म्हणणं, कुलदैवताचं काहीतरी राहून गेलंय. आईने ते राहून गेलेलं दोनदा पूर्ण केलं, एकदा कर्ज काढून.

सरांच्या प्रश्नानंतर मी घरी आले आणि कपाटातून जुना अल्बम काढला. अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेरचा एक फोटो आहे, महाशिवरात्रीचा. हे देऊळ १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. त्याचा गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मला आठवतं, वर येताना बाबा मध्येच थांबले होते, भिंतीला हात लावून. दादा त्यांना चिडवत होता, ‘म्हातारे झालात!’ ते हसले आणि म्हणाले, ‘ॲसिडिटी आहे रे.’ फोटोत ते आम्हा दोघांना धरून उभे आहेत. मी मोबाइलने त्या फोटोचा फोटो काढला आणि झूम केला. बुबुळाच्या कडेला फिकट राखाडी कडं. बोटांच्या सांध्यांवर गाठी. आणि पायांच्या टाचांमागची ती जाड शीर, जी आम्ही ‘सेफ्टी शूज घालून घालून झालेली’ समजायचो.

हे सगळं मी डीएमएलटीच्या पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. टाचेमागच्या स्नायुबंधात साचलेलं कोलेस्टेरॉल, त्याला झँथोमा म्हणतात. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती दिसणारं कडं. दोन मार्कांचा प्रश्न. माझे बाबा दोन मार्कांचा प्रश्न होते आणि मला ते कधी दिसलं नाही.

*

आता थोडं रक्तातलं सांगते, कारण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ या शब्दाने फार घोटाळा केलाय.

कोलेस्टेरॉल वाईट नाही. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते असतं. पित्त त्यापासून बनतं, इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं बनतात, त्वचेत ड जीवनसत्त्वही त्याच घराण्यातल्या रेणूपासून बनतं. बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. अडचण एकच. ते तेलकट आहे आणि रक्त पाणीदार. तेलाचा थेंब पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात एकटं फिरू शकत नाही. त्याला गाडी लागते.

ती गाडी म्हणजे लिपोप्रोटीन. एलडीएल हे कोलेस्टेरॉलचं नावच नाही, गाडीचं आहे: लो-डेन्सिटी लिपोप्रोटीन. एचडीएलमध्येही हेच कोलेस्टेरॉल बसलेलं असतं. हे घनतेवरून ठेवलेलं नाव सेंट्रिफ्यूजमधूनच आलंय. १९५०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये जॉन गॉफमन यांनी प्रचंड वेगाने फिरणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये या गाड्या त्यांच्या घनतेप्रमाणे वेगळ्या केल्या. माझ्या टेबलावरच्या घरघरणाऱ्या डब्याचा तो खूप मोठा भाऊ.

यकृतातून निघते ती गाडी मोठी असते, व्हीएलडीएल. ती स्टेशनास्टेशनावर ट्रायग्लिसराइड्स उतरवत जाते, स्नायूंना, चरबीला. रिकामी होत होत ती लहान होते आणि तिच्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल उरतं. ती एलडीएल. प्रत्येक गाडीवर एपोबी-१०० नावाचं एकच मोठं प्रोटीन असतं, नंबरप्लेटसारखं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. ते ही प्लेट ओळखतात, गाडी आत ओढतात, मोडून कोलेस्टेरॉल वापरायला देतात आणि स्वतः पुन्हा पेशीच्या पृष्ठभागावर येतात. एका फेरीला साधारण दहा मिनिटं.

आता समजा कर्जत-खोपोलीकडून गाड्या नेहमीसारख्याच सुटतायत, पण कल्याणला निम्मे प्लॅटफॉर्म बंद आहेत. गाड्यांचा दोष नाही. माणसांचाही नाही. पण बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या मध्ये गाड्यांची रांग लागणार. माझ्या रक्तात हेच झालंय. एलडीएल रिसेप्टरचा जीन आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळतो. माझा बाबांकडून आलेला बिघडलेला आहे. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, एफएच. जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. म्हणजे आमच्या फलाटावर सकाळी गर्दीत उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणांना, आणि त्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

वाट न मिळालेलं एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं. तिथे अडकतं, बिघडतं. सफाईला आलेल्या पांढऱ्या पेशी ते गिळतात, गिळतच जातात आणि फुगून फेसासारख्या होतात. त्यांचा थर साचतो. एखाद्या दिवशी थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. हा सगळा हिशेब दोन गोष्टींचा आहे: एलडीएल किती आणि किती वर्षं. बाकीच्यांचं मीटर चाळिशीत जिथे पोचतं, तिथे आमचं विशीत पोचतं. उपचार न घेतलेल्या एफएचच्या पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. बायकांमध्ये साठीपर्यंत सुमारे तीस टक्क्यांना.

म्हणजे आमच्या घरात पुरुष टिकत नव्हते याला कारण होतं. त्याचा देवाशी काही संबंध नव्हता. हे समजल्यावर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. आईने काढलेल्या कर्जाचा राग आला.

*

हे रिसेप्टर शोधून काढले मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी, अमेरिकेत डॅलसला, १९७०च्या दशकात. त्यांनी सुरुवात केली ती एफएच असलेल्या लोकांपासूनच. दोन्ही जीन बिघडलेल्या लहान मुलांना शाळकरी वयात हार्ट अटॅक येत होते, आणि या दोघांना त्याचं कारण शोधायचं होतं. १९८५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इकडे आपल्याकडेही मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २००० साली भारतीय रुग्णांमधले या जीनमधले बदल शोधून प्रसिद्ध केले होते. दादर-माहीमच्या खाडीपलीकडची गोष्ट नव्हे, आमच्याच सेंट्रल लाइनवरून गाठता येईल इतक्या अंतरावरची.

गोळीची गोष्ट जपानमधली. अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या. पेनिसिलिन बुरशीतून आलं, तर कोलेस्टेरॉल बनणं रोखणारं काहीतरीही बुरशीतच सापडेल, असा त्याचा अंदाज. १९७३मध्ये तांदळावर वाढणाऱ्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्याला ते सापडलं. त्यातून पुढे स्टॅटिन आले. पहिलं, लोव्हास्टॅटिन, १९८७मध्ये बाजारात आलं. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉल बनवण्याची एक पायरी अडवतं. पण खरी गंमत त्यानंतरची आहे. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागलं की ते रक्तातलं ओढून घ्यायला जास्त रिसेप्टर वर पाठवतं. माझा एक जीन बिघडलाय, एक चांगला आहे. गोळी त्या चांगल्याकडून ओव्हरटाइम करून घेते.

एंडो जून २०२४मध्ये वारले. मी किट तपासलं तोच महिना. बातमी मला नंतर दिसली.

२०११मध्ये ही गोळी अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये होती. हे वाक्य मी खूपदा मनात म्हणून बघितलंय. कुणावर राग काढावा कळत नाही. बाबांचं कोलेस्टेरॉल कधी तपासलंच नव्हतं. बारीक माणूस, चाळी-बिल्डिंगींचे जिने चढणारा. त्याचं कशाला तपासायचं?

*

डॉक्टरांनी थायरॉईड, लघवीतलं प्रोटीन, साखर, सगळं बघितलं आणि गोळी सुरू केली. जीनची तपासणी महाग आहे. आकडा, घरचा इतिहास आणि बाबांचा फोटो यावर निदान पुरेसं झालं. आई शेजारी बसलेली असताना त्यांनी हेही सांगितलं, की मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन भेटायचं, बहुतेक बायकांना त्या काळात ही गोळी थांबवायला सांगतात. आई जमिनीकडे बघत होती.

बाहेर येऊन रिक्षात ती म्हणाली, ‘दादाला यातलं काही सांगू नकोस.’

दादाचं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर साखरपुडा. एफएच एका पालकाकडून येतो तेव्हा प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, नाणेफेकीसारखी. एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांना, मुलांना, आत्या-काकांना तपासायचं, हा जगभरचा नियम. कारण सगळ्या गावाला तपासून जे मिळत नाही ते एका कुटुंबात मिळतं. मी हे सगळं आईला सांगितलं.

‘आता रिपोर्ट-बिपोर्ट काढलास आणि काही निघालं, तर मुलीकडच्यांना काय सांगायचं? लग्न होऊ दे. मग तपास हवं तेवढं.’

‘मग त्या मुलीला काय सांगायचं, आई? तुला कुणी सांगितलं असतं तर?’

हे मी बोलायला नको होतं. ती त्या दिवशी जेवली नाही. पण आम्हा दोघींनाही माहीत होतं, ती तिशीच्या मध्यात विधवा झाली ती काही न सांगितल्यामुळे नाही, कुणालाच काही माहीत नसल्यामुळे. आणि आता आम्हाला माहीत होतं.

तीन आठवडे मी गप्प राहिले. दुसऱ्यांचे रिपोर्ट कुणाला सांगायचे नाहीत हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. पण हा माझा रिपोर्ट होता. एका रविवारी संध्याकाळी दादाला उल्हास नदीकाठी घेऊन गेले. पावसाने नदी भरून चालली होती. मी मोबाइलवर माझा रिपोर्ट दाखवला, मग बाबांचा झूम केलेला फोटो.

तो बराच वेळ फोटोच बघत होता. ‘सेफ्टी शूज,’ म्हणाला. मग, ‘बाबांना कळलं असतं तर त्यांनी गोळी घेतली असती असं वाटतं तुला?’

मला खोटं बोलता आलं नाही. ‘माहीत नाही,’ म्हटलं.

‘मला मिळाली तर मी घेईन का तेही माहीत नाही.’ त्याच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं होतं, स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा कट, लिव्हर खराब होतं. मी म्हटलं, कट असता तर इतक्या स्वस्तात मिळाली नसती. काहींचे स्नायू दुखतात, साखर थोडी वाढू शकते, लिव्हरची तपासणी करून घेतात. हे खरं आहे आणि डॉक्टर बघतात. पण १९९४मध्ये स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे तीस टक्के कमी झाले होते. तो म्हणाला, ‘तू परीक्षेला बसल्यासारखी बोलतेस.’

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने होणाऱ्या बायकोला स्वतःच सांगितलं होतं. ‘ती काय म्हणाली?’ मी विचारलं.

‘म्हणाली, मग टेस्ट काढ ना. बसलायस काय?’

*

दादाचं रक्त मीच काढलं. हात थरथरेल असं वाटलं होतं, थरथरला नाही. सेंट्रिफ्यूज फिरत होता ती दहा मिनिटं तो बाहेर दाल पकवान खात होता. सीरम स्वच्छ. पण त्यावरून काही कळत नाही हे एव्हाना मला चांगलं समजलं होतं. एलडीएलने सीरम गढूळ होत नाही. २६०चं सीरम आणि ९०चं सीरम शेजारी ठेवलं तर तुम्हाला फरक दिसणार नाही.

११२ आलं.

नाण्याची दुसरी बाजू. आईला फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग देवापुढे साखर ठेवायला गेली. रात्री जेवताना तिने सगळ्यांना वाढलं, स्वतः बसली आणि एकदम माझ्याकडे बघून थांबली. इतके दिवस तिला भीती होती ती दादाची. आपल्यात पुरुष टिकत नाहीत, हे वाक्य इतकं पाठ होतं की बाईला हे होऊ शकतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ‘आणि तुझं गं?’ ती म्हणाली. ‘तुझ्या बायोडेटात काय लिहायचं?’

‘काही लिहू नकोस. पहिल्या भेटीत मीच सांगेन. चहा यायच्या आधी.’

गोळीने माझं एलडीएल सहा आठवड्यांत १३४वर आलं. मग एझेटिमिब नावाची दुसरी गोळी जोडली, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते. आता १०६. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४मध्ये भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली हवं, माझ्यासारख्या जास्त जोखमीच्या लोकांचं ७०च्या खाली. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी असंही त्यात आहे. जेवणात मीही बदल केलाय. वडापाव कमी, वनस्पती तूप बंद. पण आहाराने माझ्यासारख्याचं एलडीएल थोडंच उतरतं. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं बघून आता हसू येतं. वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं.

गेल्या महिन्यात आत्या आली, अंबरनाथहून. तिला जिना चढताना दम लागतो, ती वजनाला दोष देते. तिचं एलडीएल २३६ निघालं. तिला मी डॉक्टरांकडे नेलं. मग तिने मुलाला पाठवलं. तो एकोणीस वर्षांचा, कॉलेजात, क्रिकेट खेळणारा. खुर्चीत बसला, सुईकडे न बघता मोबाइलकडे बघत राहिला. ट्यूब फिरून बाहेर आली तेव्हा मात्र त्याला बघायची होती. मी उजेडासमोर धरली. वर फिकट पिवळं, आरपार.

‘ताई, हे तर एकदम क्लीन आहे,’ तो म्हणाला.

‘हो,’ मी म्हटलं, आणि ट्यूबवर त्याचं नाव, वय, तारीख लिहून ती मशिनपाशी नेली.